मॅजने कॉन्डीसाठी केलेली युनिव्हर्सिटी

मॅज गेली तेव्हा सगळे म्हणाले, बाई साधी होती. साधी कसली. साठी उलटल्यावर युनिव्हर्सिटीत जाऊन बसली, ती पण चुकीच्या वर्गात, आणि चूक कळल्यावरसुद्धा उठली नाही, ती बाई साधी कशी असेल. लोकांना तिचं शाळेच्या स्वयंपाकघरातलं कस्टर्ड तेवढं आठवतं. हे कोणाला धड माहीत नाही.

मॅज मूळची आयर्लंडातल्या डोनेगलची, समुद्राकाठच्या दगडांतली. बाप गेला तेव्हा ती सात वर्षांची. थोरला भाऊ कॉन्डी शेताला लागला आणि हिला बोटीत बसवून स्कॉटलंडात ग्लासगोला मावशीकडे धाडली. मावशीचं नाव सूझन, गोव्हनहिल नावाच्या वस्तीत वरच्या मजल्यावर राहायची. पहिल्याच दिवशी मॅज खिडकीत उभी राहून खालच्या ट्रामकडे बघत घरच्या भाषेत काहीतरी बोलली, तर मावशीने आधी खिडकी लावून घेतली. म्हणाली, "ते इथे बंद. मजुरीवर बटाटे काढायला आलेली पोरगी वाटशील लोकांना." मॅजने बंद केलं. सात वर्षांच्या पोरीला बंद कर म्हटलं की ती करते. पुन्हा चालू कर असं तिला कोणी सांगितलं नाही, आणि तिच्याही डोक्यात आलं नाही.

मग शाळा सुटली, शाळेच्याच स्वयंपाकघरात नोकरी लागली, ह्यूई बॉयलशी लग्न झालं. ह्यूई पण डोनेगलचाच, बोगदे खोदायचा. छातीत धूळ बसली आणि लवकर गेला. मागे एक मुलगी, मजेला नाव तिचं. हे एवढंच. पण दर ऑगस्टला मॅज डोनेगलच्या बसमध्ये बसायची आणि कॉन्डीकडे जाऊन राहायची, ते कधी चुकवलं नाही. कॉन्डीने लग्न केलं नव्हतं. घरात तो आणि त्याचा कुत्रा. कॉन्डी मॅजशी इंग्रजीत बोलायचा, पाहुण्याशी बोलावं तसं जपून जपून, आणि कुत्र्याशी गेलिकमध्ये. कुत्र्याला सगळं कळायचं. मॅज मध्ये बसून चहा प्यायची.

तिकडे आमच्या लोकांत त्या भाषेला गेलिकच म्हणतात. आयरिश हा शब्द डब्लिनच्या साहेबलोकांचा. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्या एका शब्दावरून झालं.

तर एका ऑगस्टला मॅज गेली तेव्हा कॉन्डीच्या नाकाला नळी लावलेली. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, फुप्फुसं गेली, पुढचा उन्हाळा बघेल असं वाटत नाही. कॉन्डी चुलीशी बसून होता.

म्हणाला, "मॅजे, माझ्या वेळेला माळ तू म्हणायची." माळ म्हणजे मयताच्या घरी शवपेटीपाशी मणी ओढत म्हणायची मरीयेची प्रार्थना, दहा-दहा नमो मारियांच्या फेऱ्यांत.

"म्हणेन की. त्यात काय."

"आपल्या गेलिकमध्ये."

मॅजने कप खाली ठेवला. "अरे त्याला पॅकी आहे ना. अख्ख्या गावाची माळ तोच म्हणतो."

"म्हणून तर सांगतोय. पॅकीच्या तोंडून माझ्यासाठी एक नमो मारिया निघता कामा नये."

आता पॅकी म्हणजे शेजारचा, बांधाला बांध लागून. ह्यांचं भांडण आईच्या मयतापासूनचं. आईची माळ कॉन्डीने म्हटली होती. तरुण पोरगा, आई समोर पेटीत, आणि एका फेऱ्यात दहाच्या जागी नऊच नमो मारिया झाल्या. होतं असं. पण पॅकी कोपऱ्यातून मोठ्याने म्हणाला, "नऊच झाल्या." सगळ्या गावासमोर. तेव्हापासून कॉन्डी त्याच्याशी बोलला नाही. मेंढरं एका बांधावर चरायची, एकाच चर्चमध्ये दोघं बसायचे, पण शब्द नाही. चाळीस वर्षं. आईच्या मयतात माझी मोजणी केली म्हणायचा.

"मग तू शिकव," मॅज म्हणाली. "मी आठवडाभर आहे इथे."

"मी माझ्याच मयताची तालीम घेऊ?"

"मग टेप लावून पाठ करते."

"पोपट बसवायचा असता तर बाजारातून आणला असता." कॉन्डीला धाप लागली, थोडा थांबला. "काय म्हणतेस ते तुझं तुला कळलं पाहिजे. तो पॅकी कसाही असेना, पण कळून म्हणतो. उद्या लोकांनी म्हणायला नको, पॅकीला बाजूला सारला आणि ही ग्लासगोची बाई नुसती बडबडली."

मॅजने शब्द दिला. शब्द दिला आणि बसमध्ये बसल्यावर तिला घाम फुटला.

घरी आल्याआल्या मजेलाला म्हणाली, "मला गेलिक शिकायचंय. युनिव्हर्सिटीत."

मजेला बँकेत कामाला, डोकं शाबूत असलेली पोरगी. म्हणाली, "आई, युनिव्हर्सिटी कशाला? त्या पुलाजवळच्या पबच्या वर वर्ग भरतो गुरुवारी. आपलीच पोरं असतात."

"पबवर बसून माळ शिकू?"

"बरं मग चर्चमध्ये विचारू."

"चर्चमध्ये विचारलं की सोमवारपर्यंत सगळ्या गोव्हनहिलला कळेल की मॅजला तिच्या आईची भाषा येत नाही. युनिव्हर्सिटीत मला कोण ओळखतंय."

तेही खरं होतं. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेल्या बाईचा युनिव्हर्सिटीवर जेवढा विश्वास असतो तेवढा तिथे शिकलेल्यांचा नसतो. मॅजचं म्हणणं, तिथे शिकवतात ते पक्कं शिकवतात.

मजेला कॉम्प्युटर लावून बसली. आणि मग जे काय निघायला लागलं. अमेरिकेत शिकवतात. कॅनडात शिकवतात. पोलंडमध्ये शिकवतात, प्रागमध्ये शिकवतात, चीनमध्ये पण शिकवतात म्हणे. मॅज मागे उभी राहून ऐकत होती, हातात भांडी पुसायचं फडकं. "आणि घरी?" तिने विचारलं. घरी, म्हणजे आयर्लंडात, शिकवतात की, पण तिथे येऊन राहायचं, पूर्ण वेळ, आणि आधी शाळेत ती भाषा घेतलेली पाहिजे. म्हणजे ज्याला येते त्यालाच शिकवणार. बाहेरच्यांसाठी म्हणून एक वर्ग होता, त्याला आधी मुलाखत, ती पण त्याच भाषेत. मॅज म्हणाली, "बीजिंगला किती वेळ लागतो गं?" मजेलाने मान वर करून बघितलं. आई हसत नव्हती.

शेवटी मॅजनेच फोन उचलला. नदीपलीकडे एक युनिव्हर्सिटी, बसने जाता येईल अशी. फोनवरच्या पोरीला सरळ विचारलं, "तुमच्याकडे गेलिक शिकवतात का? संध्याकाळचं?" पोरगी म्हणाली, हो शिकवतात, मंगळवारी, नवशिक्यांसाठी. मॅजने नाव घातलं. मजेलाला म्हणाली, "तू चीनपर्यंत जाऊन आलीस. दोन बसच्या अंतरावर होतं."

मंगळवारी मॅज केस बिस सेट करून गेली. वर्ग म्हणजे एक लांब टेबल, आणि मास्तर उंच, वाळका, मर्डो मॅकास्किल नावाचा. स्कॉटलंडच्या लुईस बेटावरचा माणूस. त्याचा बाप तिकडच्या चर्चमधला मोठा माणूस, आणि चर्च असं की तिथे मूर्ती नाही, मेणबत्ती नाही, बाजा नाही, आणि रविवारी दोरीवर कपडे वाळत घातलेले चालत नाहीत. मॅजला त्याचं काही माहीत नव्हतं. तो भाषेला गेलिक न म्हणता गालिक म्हणायचा. मॅजला वाटलं बिचाऱ्याचा उच्चार तसा आहे.

मर्डोने एकेकाला विचारलं, का शिकायचंय. एक पोरगा म्हणाला, मला व्हिस्कीच्या बाटल्यांवरची नावं नीट म्हणायचीत. एक पोरगी म्हणाली, माझा बॉयफ्रेंड स्काय बेटावरचा आहे. मॅजची पाळी आली.

"माझ्या भावाच्या मयतासाठी," मॅज म्हणाली.

मर्डोने पेन खाली ठेवलं. "अरेरे. कधी गेले?"

"अजून गेला नाही."

मर्डो फळ्याकडे वळला. त्याने फळ्यावर पहिलं वाक्य लिहायला घेतलं, तू कसा आहेस. किमर अ हा ऊ. मॅज खुर्चीत पुढे सरकली. कुठेतरी ऐकलंय, तंतोतंत नाही पण ऐकलंय. घरी येताना बसमध्ये तेच पुटपुटत आली. आजूबाजूच्यांना वाटलं असेल बाई शिंका आवरते आहे.

सात आठवडे गेली. सगळ्यात पुढे बसायची. दिलेलं घरी जाऊन करायची, स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता म्हणायची. आणि मग एका रविवारी, कॉन्डीला फोन करायचा तिचा रविवार ठरलेला, तर तिने ठरवलं आज त्याला चकित करायचं. त्याने फोन उचलला आणि मॅज छाती काढून म्हणाली, "किमर अ हा ऊ, अ कॉन्डी?"

तिकडून नळीतून हवेचा आवाज तेवढा.

मग कॉन्डी म्हणाला, "कोण बोलतंय? लुईसची मासळीची बोट का?"

"अरे मी, मॅज."

"मॅजे, हे तुला कोणी शिकवलं?"

"युनिव्हर्सिटीत शिकले. गेलिक."

कॉन्डी हसायला लागला. हसता हसता खोकला, खोकता खोकता परत हसला, मॅज घाबरली की आपण फोनवरच भावाला मारतो की काय. दम सावरल्यावर म्हणाला, "मी ह्या लोकांबरोबर हेरिंग माशांच्या बोटीवर तीन हंगाम काढलेत. ही त्यांची, स्कॉटलंडची गेलिक. प्रॉटेस्टंटांची. आपण म्हणतो गजे मर ता तू. आपल्यात 'आहे' म्हणायचं तर ता. ते म्हणतात हा."

"पण मी गेलिकच विचारलं होतं."

"आणि त्यांनी गेलिकच दिलं. त्यांचं ते गेलिकच आहे."

मॅजने फोन ठेवला आणि ताबडतोब मजेलाला दोष दिला, तो दिलाच पाहिजे. मजेला म्हणाली, "आई, मी चीनमध्ये होते. तू फोन केलास."

मंगळवारी मॅज वर्गाच्या आधी जाऊन मर्डोसमोर उभी राहिली. "मास्तर, हे गेलिक आहे ना?"

"गालिक आहे."

"आयरिश नाही?"

"नाही हो बाई. तुम्हाला आयरिश हवी होती का?"

"मला गेलिक हवी होती."

मर्डो गोंधळला. "मग सापडली की."

बाकी कोणी असतं तर तिथून उठून आलं असतं. मॅज बसली. म्हणाली वर्षाचं नाव घातलंय, वर्ष पुरं करायचं, शिवाय बायका-पोरांत ओळखी झाल्यात. खरं कारण वेगळं असणार. तिला तिथे बसल्यावर खिडकी लावायच्या आधीचं काहीतरी ऐकू यायचं, मग ते लुईसचं का असेना. पण ती असलं बोलणारी बाई नव्हती.

आता दुसरं शोधायला हवं होतं. मजेलाने परत कॉम्प्युटर लावला, ह्या वेळी आयरिश हा शब्द टाकला. कॉम्प्युटरवरूनच शिकवणारा एक वर्ग निघाला, एका युनिव्हर्सिटीचा, शिकवणारी पोरगी पोलंडमध्ये, क्राकोत बसलेली. दोमिनिका तिचं नाव. नाताळ झाल्यावर मॅज त्यात बसली, कॉम्प्युटर स्वयंपाकघराच्या टेबलावर, पाठीमागे कपडे वाळत. वर्गात एक ब्राझीलचा दाढीवाला, एक जपानी बाई, एक जर्मन नवरा-बायको. आयरिश अशी वर्गात एकटी मॅज, आणि सगळ्यात कच्ची पण तीच.

ती बोलायला लागली की तोंडातून लुईस बाहेर यायचं. दोमिनिका गोड होती. म्हणायची, "मॅज, छान, पण आपण इथे हा म्हणत नाही, ता म्हणतो." जपानी बाई म्हणायची ता. ब्राझीलवाला म्हणायचा ता. मॅज म्हणायची हा. आणि शिकवायचे काय तर, मी सायकलने ऑफिसला जातो. आमच्या गावात कचरा वेगवेगळा गोळा करतात. मला बिनदुधाची कॉफी हवी. मॅज मजेलाला म्हणाली, "मयतात कोणी बिनदुधाची कॉफी मागितली तर मी एकटीच कामाला येणार."

मग एकदा वर्ग संपल्यावर तिने दोमिनिकाला खरं सांगितलं, कॉन्डीचं, पॅकीचं, माळेचं. दोमिनिका पण माळ म्हणणाऱ्यांतलीच. दुसऱ्या दिवशी तिने सगळी माळ पाठवली, शब्दन्शब्द, खाली प्रत्येकाचा अर्थ. मॅजने तो कागद ब्रेडच्या डब्याला चिकटवला. पण म्हणताना जीभ अडकायची, आणि कॉम्प्युटरवर आवाज मागाहून यायचा, धड दुरुस्त करता येईना. कॉन्डी तर फोनवर दोन वाक्यांत दमायला लागला होता.

म्हणून मॅज तो कागद घेऊन मर्डोकडे गेली. वर्ग सुटल्यावर.

मर्डोने कागद वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला. "बाई, ही मरीयेची प्रार्थना आहे."

"हो."

"मला ही म्हणता यायची नाही. आमच्या चर्चला मरीयेची प्रार्थना चालत नाही. माझा बाप वारलाय, पण तरी."

"तुम्ही नका म्हणू मास्तर. मी म्हणते. तुम्ही फक्त गळा कुठे लावायचा ते सांगा."

मर्डोने विचार केला. मग उठून खिडकीशी गेला, मॅजकडे पाठ केली. "म्हणा. मी शब्द ऐकणार नाही. आवाज ऐकेन."

असं ते चाललं, दर मंगळवारी. मॅज म्हणायची, मर्डो बाहेर पार्किंगकडे बघत सांगायचा, हे घशातून काढा, तिथे जीभ वर लावा, परत म्हणा. लेंटचे, ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस, बाहेर पाऊस. एकदा सफाईवाली आत आली आणि बघते तर बाई हात जोडून बोलते आहे आणि मास्तर खिडकीकडे तोंड करून उभा. ती तशीच मागे फिरली. तर अशी ती माळ तयार झाली. शब्द पोलंडचे, गळा लुईसचा, आणि मयत डोनेगलचं.

कॉन्डी ईस्टर झाल्यावर गेला. शेजारणीने फोन केला, झोपेतच गेला, कुत्रा पायाशी. मॅज आणि मजेला बस धरून गेल्या. वाटेत बोटीवर मॅजचे नुसते ओठ हलत होते.

घर भरलेलं होतं. तिकडच्या रीतीने घड्याळ थांबवलेलं, आरशावर चादर. कॉन्डी वरच्या खोलीत पेटीत, चांगला सूट घातलेला, आयुष्यात इतका स्वच्छ कधी दिसला नव्हता. बायका हॅमची सँडविचं वाटत होत्या. लोक मॅजचा हात धरून गेलिकमध्ये काही ना काही बोलायचे, आणि मॅजला पहिल्यांदाच कळत होतं. सगळं नाही, पण कळत होतं. एक म्हातारी म्हणाली भला माणूस होता. एक म्हणाला हट्टी होता. तिसरा म्हणाला त्या मेंढ्यांचं काय करणार.

पॅकी पण आलेला. ऐंशीच्या पुढचा, मोठे मोठे कान, खुर्चीवर दाराशी बसून. बोलत नसला म्हणून काय झालं, मयताला यायचं नाही असं तिकडे नसतं.

चहा झाला, दिवस कलायला लागला तसे लोक पेटीच्या खोलीत जमले, दाराबाहेर, जिन्यावर. पॅकीने सवयीने टोपी काढली, जमिनीवर ठेवली आणि त्यावर गुडघा टेकला. खिशातून माळ काढली. सगळ्यांनी त्याच्याकडे तोंडं केली. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण.

मॅज पेटीशी उभी होती. म्हणाली, "पॅकी, माळ मी म्हणणार आहे."

पॅकीने वर बघितलं. "कशात?"

"गेलिकमध्ये."

चाळीस वर्षांपूर्वी काय झालं ते खोलीतल्या अर्ध्यांनी पाहिलेलं आणि उरलेल्यांनी ऐकलेलं. पॅकी म्हणाला, "बरं." आणि मान खाली घातली.

मॅज गुडघ्यावर बसली आणि तिने सुरू केलं. पहिल्याच नमो मारियात, प्रभू तुझ्याबरोबर आहे, तिथे तिच्या तोंडून हा गेला. ता नाही, हा. तिला स्वतःला कळलं. दोन-चार डोकी वर आली. पुढच्या वेळी तिने ता म्हणायचा प्रयत्न केला तर पूर्ण वाक्यच तोंडात अडकलं, थांबली, परत मागून घेतलं. परत हा. मजेला पेटीकडे बघतच नव्हती, पॅकीकडे बघत होती. पॅकीचा अंगठा एकेक मणी सरकवत होता. तो मोजतो आहे हे सगळ्यांना दिसत होतं.

माळेत पुढच्याने अर्धी म्हणायची आणि अर्धी मागच्यांनी. हे कॉन्डीच्या लक्षातच राहिलं नव्हतं. मॅजने आपली अर्धी संपवली की मागून सगळी खोली उचलायची, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज पॅकीचा. आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या घडीला. मॅजला अर्थ कळत होता. तोच तिच्या पथ्यावर पडला नाही. कॉन्डीला ज्याच्या तोंडून एक शब्द नको होता तो माणूस कॉन्डीसाठीच मागत होता, दर वेळी, न चुकता, आणि ते तिला शब्दन्शब्द समजत होतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. तरी तिने मोजणी सोडली नाही. दहा पुऱ्या केल्या.

मग फेऱ्याच्या शेवटची प्रार्थना, पित्याला गौरव. तिच्या वाट्याची ओळ तिने म्हटली. मागच्यांच्या वाट्याला येतं, जसं पूर्वी होतं, जसं आता आहे. तिथे 'आहे' येतं. मॅज डोळे मिटून थांबली. आता पॅकी हिसका दाखवणार, ता असा काही म्हणणार की सगळ्या गावाला फरक कळावा.

पॅकी म्हणाला, "मर अ हा अनिश."

हा म्हणाला. स्वच्छ, मोठ्याने. खोली एक क्षण मागे पडली. काहींनी ता म्हटलं, काही तोंडातल्या तोंडात पुटपुटले, एका पोरीला हसू आलं ते आईने कोपराने दाबलं. दुसऱ्या फेऱ्याला सगळे हा म्हणायला लागले. तिसऱ्याला तर कोणाला त्यात काही वेगळं वाटेना. डोनेगलच्या त्या घरात कॉन्डीची माळ शेवटपर्यंत लुईसच्या उच्चारात झाली.

नंतर मॅज मागच्या स्वयंपाकघरात गेली. पॅकी तिथे टेबलाशी बसून सँडविच उघडून आतलं हॅम तपासत होता.

"पॅकी, ती माझी टिंगल होती का?"

"कसली?"

"हा म्हणालास ती."

"तू पुढे होतीस. पुढचा चालेल तसं मागच्याने चालायचं."

"आमच्या आईच्या वेळी नाही चाललास."

पॅकीने सँडविच मिटलं. "तेव्हा तो नऊच म्हणाला होता. तुमच्या आईला मी पोरासारखा होतो. तिच्या वाट्याची एक कमी पडलेली मी बघत बसू? मी बोललो म्हणून तिला दहावी मिळाली. हे त्याला कोणी सांगायला गेलं नाही."

"तू सांगायचंस."

"तो बोलत कुठे होता."

मॅज समोर बसली. म्हणाली, "त्याने मला सांगितलं होतं, पॅकीच्या तोंडून एकही नमो मारिया नको."

पॅकीने ते ऐकून घेतलं. वाईट वाटलं असेल, पण चेहऱ्यावर काही नाही. म्हणाला, "मग झालं की त्याच्या मनासारखं. मी एकही पुरी म्हटली नाही. सगळ्या अर्ध्याच."

मॅजला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं, कॉन्डीसाठी ती तेव्हा पहिल्यांदा रडली. पॅकीने तिच्यापुढे चहाचा कप सरकवला, तो दुसऱ्याच कोणाचा तरी उष्टा होता.

"मी म्हणतो अख्ख्या गावाची," पॅकी म्हणाला. "माझी कोण म्हणणार?"

"तुझा पुतण्या आहे की."

"त्याची गेलिक शाळेतली आहे. पेटीतून उठून बसेन मी." त्याने मॅजकडे नीट बघितलं. "तू ये. तू मोजून म्हणतेस. फक्त तो हा तेवढा काढून टाक."

"कसा काढू? दोन दोन युनिव्हर्सिट्या केल्या तेव्हा तो आत बसलाय."

"मग तिसरी कर. मला घाई नाही."

मॅजने त्यालाही शब्द दिला. मजेला म्हणते, परतीच्या बसमध्ये आई कॉन्डीबद्दल काही बोलली नाही, फक्त म्हणाली घरी गेलीस की कॉम्प्युटर लाव, आणि ह्या वेळी फोन मी करणार नाही. त्या शरद ऋतूत तिने दोमिनिकाचा पुढचा वर्ग घेतला. मंगळवारी मर्डोकडे पण जातच राहिली, म्हणायची हा कुठून येतो ते बघायला जाते. पॅकीला नाताळला फोन करायची, पॅकी दोन शब्द ऐकून म्हणायचा, अजून आहे. वर्षामागून वर्ष असंच चाललं. तिचा ता जवळजवळ जमला होता म्हणतात.

ह्या फेब्रुवारीत मॅज गेली. दुकानातून येताना जिन्यावर बसली ती बसलीच. मर्डो आला होता, मागच्या बाकावर बसला, माळ सुरू झाली तसा बाहेर जाऊन उभा राहिला. माळ मजेलाने इंग्रजीत म्हटली. दुसरं कोणाला येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मजेलाने डोनेगलला फोन लावला. पॅकी आता नव्वदीच्या पुढे, ऐकू कमी येतं, दोनदा सांगावं लागलं.

मग म्हणाला, "पण ती येणार होती."